बशीत मरणारा जंतू

माझ्या आजाराचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. मेलिऑइडोसिस. पहिलीच्या पोरांना जोडाक्षर शिकवताना मी शब्द तोडून दाखवते, तसं हे नाव मला तोडूनच म्हणावं लागतं. आमच्या सावली तालुक्यात जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, पाणी भरलेली भाताची शेतं आहेत, आणि हा आजार त्या बांध्यांच्या मातीत राहतो. तरी मी खाटेला लागेपर्यंत हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या एखाद्या बाईचे माझ्यासारखे महिने वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. पण तेवढंच लिहिलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. या आजारानं माझा गुडघा नेला आणि आमच्या घरातलं बोलणंही नेलं. तेही लिहायचं आहे. मुलीला, प्रज्ञाला विचारलं, ती म्हणाली, "लिही." प्रज्ञाचे बाबा काही म्हणाले नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नाही.

रोवणी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. प्रज्ञाचे बाबा एसटीत कंडक्टर, गडचिरोली डेपोला. प्रज्ञा आमची एकुलती एक, चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएचडी करते. घरची थोडी शेती आहे, धानाची. नोकरीवाल्या बाईनं चिखलात उतरायची गरज नाही, असं सासरचे म्हणायचे. पण रोवणीत मला लहानपणापासून गोडी. पाण्यात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागं मागं सरकायचं, बाजूला पाच-सहा बाया, गप्पा, मधूनच एखादीनं गाणं धरायचं. वर्षभर खडूची धूळ खाल्ली की ते चार रविवार मला हवेसे वाटायचे.

त्या वर्षी पाय चिरलेले होते. टाचेला भेगा पडतातच, त्यात नवल नव्हतं. साखरेचा आजार मला आधीपासून होता, गोळी चालू होती.

रोवणी उरकल्यावर काही आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, घाम येऊन उतरायचा. खोकला. मग मानेजवळ गाठ. शाळेत फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, रजा टाका. मी रजा टाकली.

टीबी म्हणून

ज्या खाजगी डॉक्टरांकडे गेलो त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी छातीचा फोटो काढला, फुफ्फुसावर डाग दिसला, गाठ दिसली, वजन उतरलेलं दिसलं. आमच्या भागात एवढं दिसलं की कोणीही टीबीच म्हणेल. त्यांनी म्हटलं. मी गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल व्हायची, पोटात आग पडायची. लोक म्हणत, औषध कडक आहे, म्हणजे लागू पडते आहे.

शेजारपाजारच्यांनी कप वेगळा ठेवला नाही, पण कोणी घरात येऊन बसतही नव्हतं. विहारातल्या बाया मात्र आल्या. दारात चपला काढून आत आल्या, वंदना म्हटली, माझ्या खाटेवर टेकल्या. त्यांतली एक म्हणाली, "सुनंदाबाई, लय सुकल्या तुमी. दोन महिन्याचं औषध झालं, आता तं फरक पडाले पायजे होता."

मलाही तेच वाटत होतं. म्हणायची भीती वाटत होती, कारण टीबीच्या औषधानं बरं वाटत नाही म्हटलं की पुढचा शब्द कॅन्सर येतो, हे मला माहीत होतं. मी शाळेत पोरांचे वाढदिवस फळ्यावर लिहायची. खाटेवर पडून मी प्रज्ञाच्या लग्नाचं वय मोजायला लागले होते, आणि तोपर्यंत मी असेन का, हेही.

मग उजवा गुडघा सुजला. एका रात्रीत नाही, पण दोन दिवसांत तो नारळाएवढा झाला. चादर लागली तरी मी ओरडायची. प्रज्ञा सुट्टीला आली होती. तिनं गुडघ्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि बाबांना म्हणाली, "इथी नाई ठेवाचं आईले. आत्ता निघू."

चंद्रपूरचा रस्ता मूल गावावरून जातो. मूलच्या पुढं रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. एवढ्या वेळा त्या रस्त्यानं गेले असेन, पण त्या दिवशी गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी फक्त डोळे मिटून दात आवळत होते.

नाव कळलं तो दिवस

दवाखान्यात गुडघ्यातून पू काढला. सिरींजमध्ये भरलेला तो पू पाहून माझी शुद्ध हरपली, असं प्रज्ञा सांगते. रक्तही नेलं. मला श्वास लागत होता, नाकाला नळी लावली होती.

काही दिवसांनी एक डॉक्टरबाई आल्या. त्या वॉर्डातल्या नव्हत्या, जंतू तपासायच्या खोलीतून खास चढून आल्या होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. खुर्ची नव्हती, म्हणून माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. दवाखान्यात कोणी बसून बोलत नाही, उभ्यानं बोलतात.

"तुमची शेती आहे का?"

"हो. धानाची."

"स्वतः रोवणी करता?"

"करते."

"आणि शुगर आहे तुम्हाला."

मी मान हलवली. त्यांनी मोठा श्वास सोडला. मग सांगितलं की रक्तात आणि पुवात एकच जंतू आला आहे, टीबीचा नाही. चिखलपाण्यात असतो. पायाच्या चिरेतून, कधी श्वासातून आत जातो. साखर असलेल्या माणसाला धरतो. दिसायला टीबीसारखा, म्हणून पुष्कळदा टीबीच समजला जातो. बरेच लोक नाव कळायच्या आधीच जातात.

"मग मी?"

"तुमच्या आजाराचं नाव कळलं आहे," त्या म्हणाल्या. "आता आपण भांडू शकतो. पण उशीर झाला आहे, हे मी लपवणार नाही."

पुढं काय बोलल्या ते मला आठवत नाही. त्या उठून गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या वडिलांचा. माझे वडील असेच गेले होते. साखर होती, धानाची शेती होती, ताप यायचा, खोकला होता, मांडीत गळू झालं होतं. टीबी म्हणून औषध घेत गेले. आता कोणाला विचारणार? राख होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली. मी भिंतीकडं तोंड करून रडले. प्रज्ञाला वाटलं, मी स्वतःसाठी रडते आहे.

प्रज्ञाचं काम

इथं प्रज्ञाच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

ती मोहाची वाळलेली फुलं पाण्यात घालून बंद भांड्यात खूप तापवते. मग गाळते. हाती येतं ते कोऱ्या चहासारखं पाणी. पण त्यावर जांभळा दिवा धरला की ते निळंशार उजळतं. त्यात इतके बारीक कण असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. तेच कण चमकतात. आमच्या घरी त्यांना काजवे म्हणायची सवय लागली, तिच्या बाबांमुळे.

या काजव्यांचे तिनं दोन उपयोग धरले होते. एक, खाण्यातलं विष ओळखायचं. दमट धान्यावर, शेंगदाण्यावर बुरशी येते आणि त्यातून विष उतरतं, ते डोळ्यांना दिसत नाही. तिच्या कागदाच्या पट्टीवर त्या दाण्यांचं पाणी टाकलं आणि विष असलं, तर पट्टीची चमक मंदावते. दुसरा उपयोग जंतूंसाठी. हे कण जंतूच्या अंगाला चिकटतात, त्यामुळं जंतू कुठं आहे ते दिसतं. आणि वरून दिवा लावला की ते कण जंतूला जाळतात. काचेच्या बशीत.

आजाराच्या आदल्या दिवाळीत ती पट्ट्या आणि दिवा घरी घेऊन आली होती. दार लावून, अंधार करून तिनं आमचे डबे तपासले. तांदूळ बरा निघाला. कोपऱ्यातल्या पोत्यातले शेंगदाणे मात्र लागलेले. पट्टी विझल्यासारखी झाली. वरून दाणे चांगले दिसत होते, मी त्यांचीच चटणी करत होते. प्रज्ञाच्या बाबांनी ते पोतं उचललं आणि गावाबाहेर नेऊन पुरलं. गुराढोरांनाही दिलं नाही. मग आठवडाभर बसमध्ये ज्याला त्याला सांगत होते, "माह्या पोरीच्या दिव्याले जहर दिसते."

त्या दिवसापासून त्यांचा त्या दिव्यावर विश्वास बसला. शिकलेल्या पोरीवर बापाचा असतो त्याहून तो जास्त होता.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस इंजेक्शनांवर चालतो. सकाळी, दुपारी, रात्री बाटली. हाताच्या शिरा सुजल्या, मग पायाच्या घेतल्या, मग मानेजवळ नळी घातली. सकाळी झाडूवाली यायची. फिनाईलच्या वासावरून कळायचं की उजाडलं. मग चहा, साखर तपासायला बोटाला टोचणं, मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचे. तेवढा वेळ प्रत्येक खाट एकटी व्हायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर बिजाबाई होती. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातली. धान कापायला गेली असताना रानडुकरानं मांडीत सुळे घुसवले होते. जखम शिवली होती, पण आत चिघळली. उघडली, साफ केली, पुन्हा चिघळली. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी, आवाज खणखणीत. स्वतः पडल्या पडल्या ती अख्ख्या वॉर्डावर लक्ष ठेवायची.

मला जेवण जायचं नाही. ताट तसंच सरकवलं की ती म्हणायची, "मास्तरीनबाई, दोन घास खा. औषधाले पोटात बसाले जागा लागते."

तिचा मुलगा घरून जवसाची चटणी आणायचा. ती त्यातली चिमूटभर माझ्या भातावर टाकायला लावायची. त्या महिन्यांत जिभेला चव म्हणून लागली ती तेवढीच. मोबाइलवर ती सुनेला विचारायची, "किती बांध्या रायल्या कापाच्या? मजूर भेटले का?" फोन ठेवला की थोडा वेळ छताकडं बघत राहायची. मग माझ्याकडं वळून म्हणायची, "होते सारं. आपुन नसलो तरी होते. पण सांगाले लागते ना."

मागणी

इंजेक्शनं सुरू होऊनही माझा ताप उतरेना. गुडघा धुवायला एकदा ऑपरेशन झालं, पुन्हा पू भरला. प्लीहेतही गळवं आहेत असं कळलं. डॉक्टर म्हणाले, थांबावं लागेल, या आजारात ताप लवकर सोडत नाही. पण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघायला आम्ही तोवर शिकलो होतो.

एका दुपारी प्रज्ञाचे बाबा ड्यूटी संपवून, खाकी गणवेशातच आले. प्रज्ञा माझे केस विंचरत होती. केस हातात यायचे, ती ते मुठीत लपवायची. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"पोरी, तुह्या त्या काजव्यानं जंतू मरते म्हणते ना तू?"

प्रज्ञाचा हात थांबला. "बाबा, ते वेगळं आहे."

"का वेगळं आहे? जंतू तो जंतू. एक शिशी आण. डॉक्टरले सांगाची गरज नाई."

"ते बशीत मरते, बाबा. माणसाच्या रक्तात टाकलं तं का होते, ते अजून कोणालेच माहीत नाई. मी उंदरालेही दिलं नाई अजून. आईची किडनी जाऊ शकते. तिथंच जीव जाऊ शकते."

"आन आता का चाललं आहे? जगून राह्यली का ते?"

"आणि आईचा जंतू मी कधी पाह्यलाच नाई," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तो आमच्या लॅबमंदी आणाची परवानगी नाई. श्वासातून लागते तो. आमच्या गाईड मॅडमनं सांगितलं, नावही काढू नको. माह्या कणांनी तो मरते का, ते मलेच माहीत नाई."

बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की ती त्यांच्या बसमधली बिनतिकिटाची कोणी परकी बाई असावी.

"शेंगदाण्याच्या पोत्यासाठी दिवा आणला," ते म्हणाले. "मायसाठी परवानगी पायजे."

ते निघून गेले. प्रज्ञानं कंगवा खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलावं, असं तिला वाटत असणार. मला कळत होतं की ती बरोबर आहे. मी शिक्षिका आहे, एवढं कळतं. पण मला ती शिशी हवी होती. किडनी गेली तर जाऊ दे, ताप तर उतरेल, असं त्या घटकेला मला वाटत होतं. म्हणून मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ती सोय असते.

त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. दोघं वेगवेगळ्या वेळी यायला लागले. बाबा आले की ती डबा घासायच्या निमित्तानं नळावर जायची. ती आली की ते बाहेर पानठेल्यावर. माझ्या उशाशी दोघांचे निरोप जमायचे. "त्याईले सांग, उद्या सोनोग्राफी आहे." "तिले म्हण, जेवून घेजो." मी दोघांचं पोस्ट ऑफिस झाले होते, आणि मला बोलायलाही धाप लागायची.

बिजाबाईचा रिपोर्ट

माझा ताप उतरू लागला तो हळूहळू, नकळत. एक दिवस घाम आला आणि संध्याकाळी परत चढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चढला, पण कमी. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की सांध्यातली गादी जंतूनं खाऊन टाकली आहे, पाय वाकणार नाही, पण पाय राहील.

त्याच दिवसांत बिजाबाई खचत चालली. जखमेचा वास पडदा ओढला तरी यायचा. तिच्या मुलाच्या हातात जंतूचा रिपोर्ट आला होता, इंग्रजीत. तो प्रज्ञाला म्हणाला, "ताई, वाचून सांगता का? डॉक्टर म्हणते औषधं बदलून पाहू. पण का लिहिलं आहे ते समजाले नाई."

प्रज्ञानं कागद घेतला. मी तिचा चेहरा पाहत होते. वरची ओळ वाचली आणि ती तिथंच थांबली. मग खाली औषधांची नावं, प्रत्येकापुढं एक अक्षर. तिनं त्याला सांगितलं, "बरीच औषधं लागू पडत नाहीत या जंतूले. दोन पडतात असं लिहिलं आहे. ती डॉक्टरांनी सुरू केली आहेत." तो मान डोलावून गेला.

ती माझ्या खाटेवर बसली. हात मांडीखाली दाबून.

"आई, तोच आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"माह्या बशीतला. तीन वर्षं झाली, मी त्यालेच मारून राह्यली. हाच जंतू, हाच हट्टी प्रकार. दिवा लावला की काही तासांत बशी साफ होते. मी त्याचे फोटो काढले, भाषण दिलं, बक्षीस घेतलं."

बिजाबाई पलीकडं पडली होती. तिला झोप लागली होती, की ती ऐकत होती, मला माहीत नाही.

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"मग काय, आई. जखम मांडीत हाडापर्यंत आहे. दिवा तिथवर जात नाई. आन कण आत गेले तं बाहेर कसे येते ते माहीत नाई. मले माहीत नाई. कोणालेच नाई." मग फार हळू म्हणाली, "बाबांले वाटते मी तुह्यासाठी आणलं नाई. इथं तं माहा जंतू आहे, तरी मी नाई आणू शकत."

मी तिचा हात मांडीखालून काढून माझ्या हातात घेतला. त्या वेळी मला एवढंच करता आलं.

बिजाबाई दुपारच्या चहाच्या वेळी गेली. चहावाला किटली घेऊन तिच्या खाटेपाशी थांबला. तिला हाक मारली, मग किटली खाली ठेवून नर्सला बोलवायला धावला. जंतू रक्तात पसरला होता. सकाळी तिनं मला विचारलं होतं, "मास्तरीनबाई, आज पाय किती वाकला?" मी म्हटलं होतं, वाकत नाही, बाई. ती म्हणाली होती, "उभं राह्यलं तरी बस."

तिचा मुलगा खाटेखालचं सामान गोळा करत होता. चटणीची बाटली अर्धी उरली होती. ती त्यानं माझ्या कपाटावर ठेवली आणि निघाला. प्रज्ञा त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेली. तिथलं तिनं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "येतो ताई," आणि तीही म्हणाली, "या."

त्या खाटेवर संध्याकाळी दुसरी बाई आली.

घरी

इंजेक्शनं संपल्यावर मला घरी सोडलं. पुढं कितीतरी महिने गोळ्या. त्या मोठ्या, खडूच्या कांडीसारख्या. मळमळ कायमची. अंगावर पुरळ उठलं, औषध थांबवलं, पुन्हा हळूहळू वाढवलं. हा जंतू लपून बसतो, मध्येच औषध सोडलं तर परत येतो, हे डॉक्टरबाईंनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेतही ते म्हणू शकेन.

पाय आता वाकत नाही. काठी घेऊन चालते. पोरांबरोबर सतरंजीवर बसता येत नाही, मला वर्गात खुर्ची दिली आहे. पहिलीची पोरं आधी घाबरली, मग त्यांना सवय झाली. संडासची बैठक बदलावी लागली. या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

बांधीत उतरायचं नाही, असं सांगितलं आहे. शेत दुसऱ्याला कसायला दिलं. माझ्याबरोबर रोवणाऱ्या बायांना मी बोलावून सांगितलं, ज्यांना साखर आहे त्यांनी पायाला चीर असताना चिखलात उतरू नका, बूट घाला. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांतली एक म्हणाली, "बाई, बूट चिखलात रुतून बसते. एक पाय काढावा तं दुसरा रुतते. रोवणं होईन का तसं?" तिचं खरं आहे. मी स्वतः रोवलं आहे. घालून होत नाही. मग मी दुसरं सांगितलं, आणि तेच इथंही सांगते. धानाच्या भागातल्या माणसाला साखर असेल, ताप हटत नसेल, टीबीचं औषध घेऊनही उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना हात जोडून म्हणा की रक्त आणि पू जंतूसाठी तपासायला पाठवा. या आजाराचं नाव घ्या. तोडून घेतलं तरी चालेल.

रोवणीचा हंगाम पुन्हा आला तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसायची. बाया रस्त्यानं जाताना हात करायच्या. गाणं लांबून ऐकू यायचं. मला त्याचा राग यायचा. हेही खरं लिहिते. मातीचा राग कसा करायचा ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्या गाण्याचा राग करायची.

प्रज्ञानं काही दिवस लॅब सोडली होती. मग परत गेली. का गेलीस, असं मी विचारलं नाही. बाबा आणि ती एका घरात असले तरी भाजी वाढण्यापुरतंच बोलायचे. ती रविवारी येईनाशी झाली.

जिना

परवा मला तपासणीसाठी चंद्रपूरला जायचं होतं. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या थांबवू. पण ताप आला तर एक दिवसही घरी राहायचं नाही. हा परत येऊ शकतो, दहा वर्षांनीही." मी मान हलवली. बरं झाल्याचा आनंद असा येईल असं मला वाटलं नव्हतं. एका हातानं देतात आणि दुसऱ्या हातानं तेच धरून ठेवतात.

बाहेर आल्यावर मी प्रज्ञाच्या बाबांना म्हटलं, "पोरीचं कॉलेज इथं जवळच आहे. भेटून जाऊ."

त्यांनी ऑटोवाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर काठी ठेवली, न वाकणारा पाय उचलला आणि कळलं, हे होणार नाही. खाली एक बाक होता, त्यावर बसले. फोन लावला तर प्रज्ञा उचलेना. हातात मोजे असले की ती उचलत नाही.

"तुमी जा वर," मी म्हटलं. "सांगा तिले, मी खाली बसली आहे."

ते जिन्याकडं पाहत उभे राहिले. टोपी नव्हती, तरी टोपी सारखी केल्यासारखा डोक्यावरून हात फिरवला. मग चढले. प्रत्येक पायरीवर त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, मग तो थांबला.

मी बसून राहिले. पोरं-पोरी येत-जात होत्या. एकीनं विचारलं, काकू, पाणी हवं का? मी म्हटलं, नको. निरोप द्यायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ गेला. मी वर हाक मारणार होते, मारली नाही.

दोघं एकत्रच खाली आले. प्रज्ञाच्या अंगात पांढरा कोट होता, डोळे लाल होते. बाबांचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मी त्यांच्याबरोबर तीस वर्षं राहिले आहे. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. प्रज्ञानं काठी दिली. वर काय बोलणं झालं ते मी दोघांनाही विचारलेलं नाही.

फाटकापाशी ऑटो थांबला. मी आत बसले, पाय सरळ ठेवायला त्यांनी जागा करून दिली. मग ते वळून प्रज्ञाला म्हणाले, "रविवारी कोणत्या गाडीनं येतं?"

"सकाळच्या," ती म्हणाली.

"फोन करजो. मी स्टँडवर राहीन."